सासूबाई सफरचंदांत पडल्या

सिमोनबाईंचं नाव निघालं की मला अजून भरून येतं. कार्ल्सरूहेला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात त्या. माहेर फ्रान्सचं, त्यामुळे घाबरल्या की त्यांच्या जर्मनमध्ये सगळं फ्रेंच घुसतं.

त्या दिवशी मी ऑफिसात होते. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई घरी एकट्याच होत्या. सिमोनबाईंचा फोन आला, "लवकर ये! तुझी सासू सफरचंदांत पडली!"

मला वाटलं, आई खाली बागेत फळं वेचतायत. मी हसत म्हटलं, "असू दे हो, आईंना सफरचंदं फार आवडतात."

"अगं, बेशुद्ध पडली! आमच्या फ्रेंचमध्ये असंच म्हणतात!"

कुठल्या हॉस्पिटलात नेलंय ते विचारून मी फोन ठेवला. धावत हॉस्पिटलात पोचले, तर आई शुद्धीवर आलेल्या, सलाईन लावलेलं. संकष्टीचा उपवास, त्यात सकाळी शुगरची गोळी घेतलेली, त्यामुळे जिन्यातच कोसळल्या होत्या. सिमोनबाईंनी अँब्युलन्स बोलावली, सोबत आल्या, आणि आईंचा हात धरून अजून तिथेच बसल्या होत्या.

मी रडतच विचारलं, "तुम्हाला गाडीत बसू कसं दिलं त्यांनी? नातेवाइकांनाच घेतात ना?"

"मी सांगितलं, ही माझी सख्खी बहीण आहे."

मी त्यांच्या निळ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग आईंच्या नऊवारीकडे. "आणि त्यांना पटलं?"

"अँब्युलन्समधला पोरगा आम्हा दोघींकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'गेनाऊ, अगदी बरोबर, दिसतंच आहे. बसा.'"