चिंधी बांधलेला दुधी

दवाखान्यात आयसीयूबाहेर उल्काबाई बसल्या होत्या. नवरा आत होता. शेजारी मांजरी गावच्या दोन जावा बसल्या होत्या. त्यांची सासू आत होती. ऐकायचं नाही म्हटलं तरी बाक एकच होता.

“सोनाली, परसातल्या वेलावर लाल चिंधी बांधलेला दुधी होता, त्यो सकाळी दिसला न्हाई.”

“दसऱ्याला पाहुणे आले होते ना ताई, त्याचा हलवा केला. म्हटलं, निबर व्हायच्या आत संपवावा.”

“अगं, बियाण्याचा होता त्यो! आत्याबाईंनी चिंधी कशाला बांधली असंल?”

“मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून.”

“आणि बिया?”

“कोवळ्या होत्या. टाकून दिल्या.”

“माहेरनं आणलेलं बी हाय त्यांचं. पन्नास वर्सं मोडू दिलं न्हाई. आतनं रोज इचारत्यात, दुधी वाळला का म्हणून.”

“मग आता मी काय सांगू त्यांना?”

“वाळतोय म्हणून सांग.”

“पण घरी आल्यावर बघतीलच की, ताई!”

उल्काबाईंनी मान वळवली नाही.

“सकाळी डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं होतं, सोनाली.”