भिशीची चिठ्ठी

नांदेडच्या स्टँडवर भोकरच्या गाडीची वाट पाहता पाहता माझी दाढी वीतभर वाढली. पुढं दोघी बोलत होत्या, ते मात्र जसंच्या तसं सांगतो.

"नागम्मा, बँक काय म्हणली गं?"

"शेवयाच्या मशीनला कर्ज न्हाई म्हणली. दिराच्या फटफटीला जामीन राहिले, त्यानं हप्ते बुडवले अन् सिबिल माझं खराब झालं."

"सोड बँकेला. आज भिशी तुलाच लागती."

"बारा चिठ्ठ्यांतून माझीच कशी निघंल, तारामती?"

"बाराही चिठ्ठ्यांवर तुझंच नाव हाय."

"अगं बाई! बाकीच्या भांडतील की!"

"त्यांनीच लिहिलंय. तुला सांगू नको म्हणल्या होत्या. चिठ्ठी उघडली की जरा दचकून दाखव."