गैरहजर चांगुणा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय पोपटराव, ज्यांना निरोप द्यायला आपण यवतच्या या शाळेत जमलो त्या आदरणीय डॉक्टर टिपणीसबाई, विद्यापीठातून आलेले सन्माननीय पाहुणे, दौंड आणि शिरूर तालुक्यांत माझ्यासारखीच वही घेऊन हिंडलेल्या मैत्रिणींनो, आणि मागं सतरंजीवर बसलेल्या आयाबायांनो, सर्वांना सुषमाचा नमस्कार.

ते मागचं लेकरू रडतंय. रडू द्या. त्याला बाहेर नेऊ नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मला चार गोड शब्द बोलायला सांगितलंय. ते मी लिहूनही आणलेत, हा कागद. गोड शब्द बाईंना शोभतातही. नव्व्याण्णव साली बायांच्या आरोग्याची पाहणी करायला आम्ही भांडगावात पहिल्यांदा गेलो तेव्हा पारावरचे एक आबा म्हणाले होते, "पाळीबिळीचं काय इचारता बाई, ऊस किती गेला ते इचारा." बाया तर तोंडच उघडेनात. बाईंनी वही मिटली आणि तीन दुपारी त्यांच्यासोबत शेंगा तोडत बसल्या. चौथ्या दिवशी बाया आपणहून बोलायला लागल्या. कोणाच्या घरी कसं बसावं, हे मला बाईंनी शिकवलं. हे उपकार मी कसे विसरेन?

पण मला आज उभं राहवत नाही आणि बसवतही नाही. मघाशी अध्यक्षांनी अहवाल उंच धरून सांगितलं की तीन वर्षांत आपल्या पाहणीतल्या गावांत बाळंतपणात एकही माय दगावली नाही. केवढ्या टाळ्या पडल्या! माझे हात उचलले नाहीत.

गेल्या सोमवारी मी या कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन कासुर्डीला गेले होते. सगुणाबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. कडेवर वर्षाची नात.

"कशाचा कारेक्रम?"

"आमच्या बाई चालल्यात. मोठा अहवाल झालाय."

"मंग त्यात आमची चांगुणा हाय का?"

चांगुणा त्यांची सून. मी म्हटलं, "ती माहेरी होती ना तवा?"

"व्हय, माहेरीच गेली. बाळंत झाल्यावर पाचव्या दिशी. रगत थांबलंच न्हाई. आन् तुम्ही परत कवा पुसलंबी न्हाई."

घरी येऊन मी वही उघडली. अक्षर माझंच. चांगुणा, वय एकोणीस, सातवा महिना. पुढं तीनदा 'गैरहजर', आणि पट्टी लावून मारलेली रेघ. तीन फेऱ्यांत बाई घरात सापडली नाही तर पान बंद करायचं, असा आमचा नियम. नंतर ते पान कोणी उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडं शिरूरच्या आमच्या सोजराताईंकडं गेले. चांगुणाचं माहेर त्यांच्याच गावांत येतं. त्यांच्या वहीत लिहिलं होतं, 'लेक बाळंतपणाला आलेली. पाहुणी. नोंद नको.' कारण त्या घरात कायम राहणाऱ्यांचीच नोंद घ्यायची, हाही नियमच. मी नियमानं बरोबर, सोजराताईही नियमानं बरोबर. आणि चांगुणा दोन्ही वह्यांतून गेली.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडं कोणाला ठाऊक नाही? या व्यासपीठावर बसलेले किती थोरले लेक आजोळी जन्मले असतील? मी स्वतः माझ्या सुरजच्या वेळी सातव्या महिन्यात माहेरी गेले होते. तेव्हा कोणी वही घेऊन आलं असतं तर मीही गैरहजरच. तरी तीन वर्षांत मला एकदाही सुचलं नाही. याची मला लाज वाटते, ती मी इथं सगळ्यांसमोर सांगते.

अध्यक्षमहाराज, आपली चिठ्ठी मिळाली. आवरतेच.

माझ्या वहीत अशा पहिलटकरणींच्या सदतीस रेघा आहेत. बाकीच्या मैत्रिणींच्या वह्या मी पाहिलेल्या नाहीत. त्या सदतीसजणी कुठं आहेत? सुखरूप असतील. बहुतेक असतीलच. पण मला माहीत नाही, आणि बाई, आपल्यालाही माहीत नाही. सकाळी आपण म्हणालात, "सुषमा, अहवाल परवा जायचाच आहे, नंतर पुरवणी जोडू." पण याच अहवालावरून बाळंतिणींना न्यायला गाडी द्यायची की नाही हे ठरणार आहे. शून्य वाचल्यावर गाडी कोण देईल?

म्हणून मी शाल-श्रीफळाच्या आधी मागून घेते. एक महिना द्या. मी आणि सोजराताई दोघींच्या वह्या शेजारी ठेवून घरोघर जाऊ. तोवर अहवाल पाठवू नका. निदान चांगुणाचं नाव आज, इथून उठण्याआधी, आपल्या हातानं त्यात लिहा. मघापासून जे लेकरू रडतंय, आणि ज्याच्याकडं आपण सगळे वळून वळून बघताय, ते तिचंच आहे. सगुणाबाई निरोपाला आलेल्या नाहीत. ते नाव लिहिलं जातं का, हे बघायला आल्यात.

बाई, आपण मला वाढवलंत, बोलायला शिकवलंत; आपले, अध्यक्षांचे, शाळेचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. वहीत जे झालं, ते मात्र पोटात घालू नका.