दमलेल्या यंत्रावरचा आवाज

आई : ह्यांची रेकॉर्ड नव्याने काढताय, सही करते मी, पण ऐकायला बसवू नका. तो आवाज ह्यांचा नाही.

मुलगी : झालं सुरू. अहो, सगळं जग ज्या अल्बमवर जीव टाकतं, तो आमच्या घरात कधी लागला नाही. बाबा गेले तेव्हा मी दीड वर्षाची. त्यांचं म्हणून माझ्याकडे तेवढी आठ गाणी, तीही हिने कपाटावर टाकलेली. मैत्रिणीकडे जाऊन ऐकायचे मी.

आई : ऐकलीस ना मग?

रेकॉर्डिस्ट : काकू, ह्यांचा नाही म्हणजे नेमकं काय?

आई : हे असे चढ्या पट्टीत, घाईघाईने नव्हते गात. बोलणंसुद्धा खालचं, सावकाश. दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना गुणगुणायचे, ते पलीकडच्या खोलीतून जमिनीवरून हळूहळू येत राहायचं. पायांना कळायचं आधी, मग कानांना. रेकॉर्डवर कुणीतरी पोरगेलासा मुलगा गातोय.

मुलगी : पन्नास वर्षं झाली, आई. माणूस विसरतो.

आई : सगळे हेच म्हणाले. रेकॉर्ड खोटी कशी असेल, तूच विसरलीस. मलाही वाटायला लागलं, असेल बाई. मनानेच एक आवाज रचला आणि त्याच्याशी संसार करत बसले.

रेकॉर्डिस्ट : म्हणूनच बोलावलं तुम्हाला. सहीचा कागद काय, पोस्टाने पाठवला असता. ताईंनी परवा तुमच्याकडचा नादकाटा आणून दिला ना, पुस्तिकेत फोटो छापायला?

आई : माझ्या शिवणाच्या डब्यात असतो. त्यावर गिटार लावायचे हे. गुडघ्यावर आपटायचे आणि कानाशी धरायचे.

रेकॉर्डिस्ट : बोनस ट्रॅकसाठी मूळ टेप काढली, तर सुरुवातीलाच तो वाजतोय. गुडघ्यावर टप्प, मग सूर. हा ऐका टेपवरचा... आणि आता हा, माझ्या हातातला.

मुलगी : हातातला खाली लागतोय.

रेकॉर्डिस्ट : काटा तोच आहे. पोलाद काही वय झालं म्हणून सूर सोडत नाही. चूक टेपची.

मुलगी : टेपची कशी?

रेकॉर्डिस्ट : त्या दिवशी रेकॉर्डिंगचं यंत्र दमलं होतं, हळू फिरत होतं. तीच टेप धडधाकट यंत्रावर लावली की सगळं वेगात, वरच्या सुरात. ज्यांना कळलं असेल त्यांना ते तरतरीत वाटलं असेल. रेकॉर्ड निघाली, गाजली, तोच आवाज खरा ठरला. काल मी काट्याला काटा जुळेपर्यंत वेग कमी केला. लावू?

मुलगी : आई, नको असेल तर राहू दे.

आई : लावा. पण गाणं नको. नुसते बोलले असतील कुठे, तर ते.

रेकॉर्डिस्ट : आहे. दोन टेकच्या मध्ये, गाणं थांबलं तेव्हाचं.

टेपवरचा आवाज : पंखा बंद करा रे कुणीतरी. पाच मिनिटं द्या मला, पाणी पिऊन येतो.

(पावलं. दूर जात जात विरणारं गुणगुणणं. मग नुसती टेपची खरखर.)

आई : म्हणजे मी विसरले नव्हते.

मुलगी : हा किती वेगळा आवाज आहे गं.

आई : तुला वेगळा.

मुलगी : मग मी आयुष्यभर भलत्यालाच बाबा म्हणत होते की काय?

आई : नाही गं वेडे. तेही हेच. जरा घाईत होते इतकंच.

रेकॉर्डिस्ट : काकू, कंपनी म्हणते, लोकांच्या कानात जुना वेग बसलाय, गाणी हलवू नका. पण सही तुमची आहे. तुम्ही म्हणाल ते मी सांगतो त्यांना.

आई : गाणी लोकांची झाली, राहू द्या तशीच. हे बोलणं मात्र ह्याच वेगात, अगदी शेवटी घाला.

मुलगी : पंखा आणि पाणी? लोक म्हणतील, हा कसला बोनस.

आई : म्हणू देत.

रेकॉर्डिस्ट : घालतो. हा घ्या तुमचा काटा. आणि इथे सही... काकू?

मुलगी : आई, डोळे काय मिटून बसलीस? निघायचं ना?

आई : थांब जरा. पाणी पिऊन येतो म्हणालेत.