चॅम्पियन येणार आहे

(खेळाच्या सामानाचं दुकान, दुपारची सामसूम. सून शिडीवर चढून वरच्या फळीवरचे खोके उतरवते आहे. सासूबाई गल्ल्याशेजारी आपल्या खुर्चीत. कोपऱ्यात स्टुलावर बसून एक माणूस बॅडमिंटनच्या रॅकेटला तारा ओढतोय. त्याला सगळे गटिंगवाला म्हणतात.)

सून : ...शाळेतून सरांचा फोन होता. मी म्हटलं, कोण चॅम्पियन? तर सर म्हणाले, अहो, सुट्ट्यांच्या पहिल्या दिवशी तुमच्या दुकानात येणार आहे तो! पोरं वर्गात बसायला तयार नाहीत म्हणे. आई, कोण येणार आहे?

सासूबाई : तू आधी शिडी धर नीट. पडलीस तर सीझन मला एकटीला करावा लागेल.

सून : आई.

सासूबाई : टेबल टेनिसचा आहे एक. आजवर एकही गुण गमावला नाही त्यानं.

सून : नाव काय त्याचं?

सासूबाई : नाव कशाला हवं? मोठ्या माणसांना नाव लागत नाही. लहानपणी घरात टेबल नव्हतं, म्हणून भिंतीशी खेळायचा. शेवटी भिंत हरली. घरमालकानं नवी बांधून घेतली, तिनंही महिन्याभरात हात टेकले.

गटिंगवाला : मला सांगितलंत तेव्हा एकच भिंत होती, मावशी.

सासूबाई : तू तारा ओढ. एकदा त्यानं समोरच्याचा चष्मा चेंडूनं उतरवला आणि पुढच्या फटक्यात परत नाकावर चढवला. काच पुसूनच आली म्हणतात.

सून : म्हणजे असा कोणी नाही.

सासूबाई : असा कोणी नाही असं मी कुठे म्हटलं?

सून : मी म्हणतेय. शाळेत सांगितलंत, दवाखान्यात सांगितलंत. मघाशी इस्त्रीवाला कपडे द्यायला आला, तोही विचारून गेला. आता त्या दिवशी अख्खी गल्ली दारात उभी राहील आणि मी त्यांना काय दाखवू? भिंत?

गटिंगवाला : गर्दी तर होईल, वहिनी.

सून : गर्दी होईल आणि फसलो म्हणून समोरच्या खेळाच्या दुकानात जाईल. सगळं काचेचं आहे ते, दार आपोआप उघडतं. आपल्याकडे दार ढकलावं लागतं, तेही पावसाळ्यात फुगतं. वर्षभर मी या एका दिवसाची तयारी करतेय. दोन रॅकेटवर शटलचा डबा फुकट. बॅट, स्टंप, बॉल एकत्र घेतले तर सूट. पहिला दिवस साधला की सुट्ट्या साधल्या. पहिला दिवस हुकला तर दुकान टिकवणं अवघड आहे, आई. मी उगाच नाही घाबरत.

सासूबाई : सूट, सूट! सूट दिली की माल शिळा वाटतो. तुझे सासरे म्हणायचे, गिऱ्हाइकाला स्वस्त नको असतं, गोष्ट हवी असते.

सून : मामंजी असं कधी म्हणाले नाहीत. मामंजी दिवसाला चार शब्द बोलायचे, त्यातले दोन 'चहा टाक' असायचे.

सासूबाई : उरलेल्या दोनात म्हणाले.

सून : (शिडीवरून उतरत) बरं, मला एक सांगा. हे सगळं अगदी आत्ताच का सुचलं?

सासूबाई : सुचतं. म्हातारपणी झोप येत नाही, मग सुचतं.

सून : आणि सगळ्यांना तुम्ही असंही सांगितलंय, की चॅम्पियन लाजाळू आहे, गर्दीत कोणाला भेटत नाही. भेट हवी तर आजींना विचारा, त्या गल्ल्यापाशीच असतील. हे सरांनीच सांगितलं मला.

सासूबाई : हो का? सर बरेच बोलके झालेत.

सून : म्हणजे तुम्ही इथे असल्याशिवाय पहिला दिवस होणारच नाही, अशी सोय करून ठेवलीत.

गटिंगवाला : मी जरा चहा सांगून येऊ का?

सासूबाई : बस तू. पळतो कुठे? सोमवारी सुतार आला होता ना, तेव्हा तू होतास. सांग हिला. मला म्हणाला, आजी, जरा उठा, खुर्चीखालची जागा मोजायची आहे. मी म्हटलं, कशाला रे? तर म्हणे, इथे स्केटचं रॅक बसणार. मी उठले. त्यानं मोजलं. मी परत बसले. मला वाटलं, रॅकच्या वर बसवणार असतील मला. एखाद्या ट्रॉफीसारखं.

सून : मी सांगणारच होते तुम्हाला.

सासूबाई : सुताराच्या आधी की नंतर?

सून : आई, मागच्या सुट्ट्या आठवा. त्या मुलीला पोहायचा गॉगल हवा होता, एवढंच. तुम्ही तिला सांगत बसलात, या गॉगलनं एका बाईला तलावाच्या तळाशी सासूची कवळी दिसली, आणि ती बाई कवळी तिथेच सोडून वर आली. मुलगी हसतेय, तिची आई हसतेय, आणि मागे रांग दारापर्यंत. रांगेतली निम्मी माणसं समोर गेली. मी डोळ्यांनी पाहिलं.

सासूबाई : गॉगल घेतला ना तिनं?

सून : घेतला. एक गॉगल. आणि मी म्हटलं का कायमचं घरी बसा म्हणून? सुट्ट्यांपुरतं. आराम करा.

सासूबाई : आराम! आराम केलेली माणसं पाहिलीत मी. आधी आराम करतात, मग आजारी पडतात, मग लोक भेटायला येतात आणि केळी ठेवून जातात. माझं काय आहे गं घरी? तुम्ही सगळे इकडे. मी आणि फ्रिज. तोसुद्धा मधून मधून बंद होतो, मी एकटीच चालू.

(सून खोक्यांकडे वळते.)

सासूबाई : तोंड का फिरवलंस? रड बिड नकोस, मी थट्टा करतेय.

सून : मी रडत नाहीये. विचार करतेय.

गटिंगवाला : वहिनी, एक बोलू? लोकांना माहीत असतं.

सून : काय?

गटिंगवाला : मावशी फेकतात हे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. सर काय खरं मानून विचारत होते? हसत होते का नाही फोनवर?

सून : हसत होते. म्हणाले, बघू तरी आजी काय बाहेर काढतात.

सासूबाई : म्हणजे माझ्यावर विश्वास नाही कोणाचा?

गटिंगवाला : विश्वास नाही. पण येतात.

सासूबाई : मग असं करू, हाच चॅम्पियन. उंच आहे, कमी बोलतो, डोक्याला पट्टी बांधली की झालं.

गटिंगवाला : मी? मावशी, माझ्या हातात रॅकेट आली की आधी वाटतं, हिची तार कुठे सुटलीय. खेळायचं सुचतच नाही.

सून : थांबा. ते टेबल कुठे आहे? टेबल टेनिसचं, घडीचं. मामंजींनी आणलेलं, कोणी घेतलंच नाही ते.

गटिंगवाला : मागे आहे. त्यावर बुटांचे खोके आहेत.

सून : ते बाहेर काढायचं. दाराच्या बाजूला, फुटपाथवरून दिसेल असं. आणि चॅम्पियन तिथे उभा राहणार. जो कोणी त्याच्याकडून एक गुण घेईल, त्याला सूट.

सासूबाई : अगं, पण चॅम्पियन आणणार कुठून?

सून : तुम्ही.

सासूबाई : मी काय?

सून : तुम्ही चॅम्पियन. आजवर एकही गुण गमावलेला नाही. खरंच आहे, कधी खेळलाच नाहीत.

गटिंगवाला : अरे वा! हे बरोबर आहे!

सासूबाई : तुझं डोकं फिरलंय. मला बॅट कशी धरतात ते माहीत नाही. पहिल्या फटक्याला हरेन!

सून : सगळ्यांकडून हराल. म्हणजे सगळ्यांना सूट मिळेल. ती तर मी देणारच होते, आई. फरक एवढाच, की समोर ती पाटीवर लिहिलेली असेल आणि आपल्याकडे ती जिंकावी लागेल.

सासूबाई : पोरं हसतील मला.

सून : हसू द्या. आणि हरलात की गोष्ट सांगा. का हरलात, चेंडूच कसा फितूर झाला, काय वाटेल ते. टेबलापाशी. गल्ल्यापाशी नाही. गल्ल्यावर मी असेन, रांग मी पुढे सरकवेन.

सासूबाई : म्हणजे खुर्ची जाणारच.

सून : खुर्ची जाईल. रॅक तिथेच बसेल, सुताराला सांगून झालंय. तुम्हाला उभं राहावं लागेल. गुडघे राहतील का उभे?

सासूबाई : गुडघ्यांचं मी बघते. मला एवढं सांग, एकही गुण नाही मिळवायचा? एकसुद्धा?

सून : मिळवता आला तर मिळवा की.

सासूबाई : समोरचा तो काचेचा दुकानदार आला तर?

सून : त्याला हरवलंत तर संध्याकाळी तुमचे पाय मी चेपेन.

सासूबाई : साक्षीदार आहे हा. ऐकलंस ना रे?

गटिंगवाला : ऐकलं.

सून : मी मागे जाते, टेबलावरचे खोके उतरवते. फोन वाजला तर तुम्ही घेऊ नका. म्हणजे घ्या. पण भिंती दोनच ठेवा.

सासूबाई : जा जा. ...गेली का रे?

गटिंगवाला : गेल्या.

सासूबाई : इकडे ये. हळू बोल. ती पहिली खेळी असते ना, सुरुवातीची. तेव्हा चेंडू आधी आपल्या बाजूला आपटायचा की त्यांच्या?

गटिंगवाला : मावशी, त्या बॅटला तारा नसतात. तो खेळ कधी माझ्याकडे आलाच नाही.

सासूबाई : म्हणजे तुलाही येत नाही?

गटिंगवाला : नाही.

सासूबाई : मग दार लोटून घे. आणि त्या फळीवरून दोन बॅटा काढ. एक तुला.