जून सोडून

शालू: अन हे पोप गेले तवा कितीचे होते?

माधवी: आई, परीक्षेत वय नाही विचारत. तारीख विचारतात.

शालू: तारीख तं तू सांगतली ना आत्ता. एकवीस एप्रिल. मी वय विचारून राहिली.

माधवी: अठ्ठ्याऐंशी.

शालू: पुष्कळ झालं. भरून पावला माणूस.

(अमरावतीहून अकोल्याला निघालेली एसटी. दुपार. माधवी खिडकीपाशी बसलेली. शेजारी तिची आई, मांडीवर वर्षभराच्या घडामोडींचं जाड पुस्तक. माधवीचा उद्या अकोल्यात पेपर आहे.)

माधवी: पुढचं विचार.

शालू: त्याच्या जागी कोन बसलं?

माधवी: लिओ चौदावे. आठ मे. पहिले अमेरिकन.

शालू: बरं केलं. खुर्ची जास्त दिवस रिकामी नाही ठेवली. थांब, एप्रिलातलं एक राहूनच गेलं. बेलोरा.

माधवी: अमरावती विमानतळ. सोळा एप्रिल. पहिलं विमान मुंबईचं.

शालू: हे नसतं लिवलं तरी चाललं असतं. आपन गेलतोच ना पाहाले, तुये बाबा, तू अन मी. कंपाउंडच्या भाईर उभे राहिलो उन्हात. ते आलं कवा अन गेलं कवा. तुये बाबा म्हणे, पोरगी पास झाली का बसू एकडाव. मी म्हटलं, तुमी काय विमानातबी तिकिटा फाडसान?

माधवी: आई, पुढचं.

शालू: हसत तरी जाय वो थोडी.

माधवी: हसले. पुढचं विचार.

खुशालराव: चला, तिकिटा बोला तिकिटा! आरे! शालूवयनी?

शालू: कोन?

खुशालराव: खुशालराव. नाही वळखलं? बडनेरा डेपो. बुधाजीसंग पंधरा वर्स काढले मी, वयनी. दोघंबी कंडक्टर, एक उतरे तं दुसरा चढे.

शालू: हो हो, भाऊ. चष्मा लागला तुमाले म्हून नाही वळखलं. दोन द्या अकोल्याच्या, अर्ध्या.

खुशालराव: मातीले नाही येता आलं मले. नागपूर लाइनवर होतो तवा, कोनी बदली दिला नाही. मनाले लय लागून राहिलं ते.

शालू: काही हरकत नाही, भाऊ. ड्युटी होती.

खुशालराव: कितीचा होता गा बुधाजी?

शालू: चोपन.

खुशालराव: हे काय जायाचं वय होये का!

शालू: नाही ना.

खुशालराव: अटॅकच ना?

शालू: हो. वार्डात होता, चांगला बसत-उठत होता, दोन दिवसांत सुट्टी म्हणत होते. अन मंग गेलाच.

खुशालराव: चीज होती तो माणूस. अशी गच्च भरलेली गाडी, पर कोनत्या शिटवर कोन बसला, कुठचा, कुठं उतरणार, सारं त्याले पाठ. एकडाव डेपोत पिशवी सापडली, म्हातारीची, दवाईची. आमी म्हटलं आता कोनाले देता? तो म्हणे, सतरा नंबर, हिरवं लुगडं, मूर्तिजापूर. तिथं जाऊन देऊन आला, सोताच्या सुट्टीत! हे तुमची पोरगी? पुण्याले होती ते?

माधवी: हो काका.

खुशालराव: तुये फार किस्से सांगे तो. पोरगी कलेक्टर होते म्हणे.

माधवी: कलेक्टर नाही काका. उद्याचा पेपर वेगळ्या पदासाठी आहे.

खुशालराव: काही असो, साहेब होय म्हंजे झालं. ठेवा, वयनी, तिकीट सांभाळून ठेवा. मी येतो पुढून.

शालू: चांगला माणूस हाये. पर वय विचारलंच.

माधवी: तू पण तेच करतेस.

शालू: मी पोपचं विचारतो. त्याच्या घरच्याले काही वाटत नाही. आपल्याले मात्र पहिल्या दिवसापासून ज्यानं त्यानं तेच विचारलं. दुकानवाला विचारते, अंगणवाडीची मॅडम विचारते. मले वाटते का चोपन हे काही उत्तरच नाही होये. ते आयकलं का समोरचा तोंड पाडते, अन मंग मीच त्याले समजावतो.

माधवी: मे चालू होता.

शालू: हो बाप्पा, मे. चौदा मे?

माधवी: नवे सरन्यायाधीश. शपथ.

शालू: आपल्या अमरावतीचे. ह्याचं उत्तर मले बी येते. डेपोत पेढे वाटले तुया बाबानं, अन घरी आनले ते उरलेले. मी म्हटलं, तुमचा कोन लागते तो? म्हणे, आपला मानूस हाये, आनखी कोन लागाले पायजे? वीस मे?

माधवी: डॉक्टर जयंत नारळीकर. खगोलशास्त्रज्ञ. पुण्यात गेले.

शालू: कितीचे?

माधवी: शहाऐंशी.

शालू: पाह्य. अन झोपेतच गेले म्हणते. असं मरण पायजे. बरं, पुढं. जुलै. नागपूरची पोरगी, बुद्धिबळात...

माधवी: दिव्या देशमुख. महिला विश्वचषक. अठ्ठावीस जुलै.

शालू: हे किती वर्साची?

माधवी: एकोणीस.

शालू: जगू दे बापा शंभर वर्स. ऑगस्टात... थांब. मे नंतर एकदम जुलै कसा आला वो?

माधवी: तूच पान उलटलंस.

शालू: मी नाही उलटलं. हे पानं चिकटवले कोनी? डिंकानं चिकटवले हे.

माधवी: मी.

शालू: काहून?

माधवी: जून झालाय माझा.

शालू: झाला असता तं चिकटवला काहून असता? डोकं नाही का मले?

माधवी: जूनवर असून असून किती असतील? दोन-तीन प्रश्न. सोडून देईन मी.

शालू: मागच्या बारीले दोन मार्कांनीच राहिली होती ना तू?

माधवी: हो.

शालू: मंग?

माधवी: मग काय. राहीन परत.

शालू: असं बोलू नको.

माधवी: क्लासच्या टेस्टमध्ये आला होता एक, जूनचा. विमानाचा. मी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. पुढचे प्रश्न मला येत होते, आई, सगळे येत होते. पण हात उचललाच नाही. शेवटी मॅडमनी पेपर ओढून घेतला. म्हणून चिकटवलं.

शालू: अन उद्या आला तं? तिथं कशानं चिकटवशीन?

माधवी: माहीत नाही.

शालू: रडली होती का, क्लासात?

माधवी: नाही.

शालू: घरी बी नाही रडली तू. गल्लीतल्या बाया म्हणे, पुण्यात राहून पोरगी दगड झाली. मी भांडली त्यायच्यासंग. अन मंग मनात म्हटलं, मी तरी कोनती रडून राहिली? सकाळी उठतो, भाकर टाकतो, अंगणवाडीत खिचडी शिजवतो, लेकरायले वाढतो. सारं होते. हात करतात. मी आपली बाजूले उभी राहून पाहातो.

माधवी: मला काहीच होत नाही, आई. पोप गेले, नारळीकर गेले, धर्मेंद्र गेले. तारीख लक्षात राहते, बस. बाबांची पण तशीच राहते. त्यांच्यामध्येच कुठेतरी.

शालू: धर्मेंद्र कितीचे होते?

माधवी: एकोणनव्वद.

शालू: सारे त्याच वयाचे. आमचाच तेवढा घाईचा होता.

माधवी: मिट ते पुस्तक. थकलीस तू.

शालू: नाही थकली. एक प्रश्न विचारतो. ह्या पुस्तकातला नाही होये.

माधवी: विचार.

शालू: ते विमान पडलं ना अहमदाबादले. त्याच्यातून एक जण वाचला.

माधवी: आई.

शालू: आयकून तं घे. तो कोनत्या शिटवर बसला होता?

माधवी: असलं नाही विचारत परीक्षेत.

शालू: परीक्षेचं नाही होये. येते का तुले?

माधवी: नाही. मी त्या दिवसाचं काही वाचलंच नाही. वॉर्डातल्या टीव्हीवर दुपारपासून धूर दिसत होता, आवाज बंद केलेला. एवढंच आहे माझ्याजवळ. तुला कशाला पाहिजे ते?

शालू: मले नाही पायजे. तुया बाबानं विचारला होता.

माधवी: कधी?

शालू: त्याच रात्री. तू दवाई आनाले खाली गेली होती. तो कॉटवर बसून खिचडी खाऊन राहिला होता. टीव्हीवर खालतं लिवून आलं का एक जण जिता निंघाला, अमक्या शिटचा. घास हातातच राहिला त्याचा. म्हणे, शालू, शीट नंबरबी दिला पाह्य! त्याले तेच दिसन ना, कंडक्टर मानूस. म्हणे, पोरीले विचारजो हे उद्या सकाळी. चहाच्या वक्ताले.

माधवी: रोज विचारायचे. चहाच्या वेळी.

शालू: मी म्हटलं, तुमीच विचारा ना, वर येतेच आता ते. म्हणे, आता ते थकली असन, झोपू दे तिले. उद्या विचारू.

माधवी: मी बाकावर झोपले होते. मला पहाटे तूच उठवलंस.

शालू: हो.

माधवी: उत्तर काय होतं?

शालू: मले काय माहीत? मी टीव्हीकडं पाहून नव्हती राहिली. त्यानं सांगतलं बी नाही. म्हणे, तिले माहीत असन.

माधवी: इतके महिने झाले. कोणाला विचारलं नाहीस?

शालू: कोनाले विचारू? खुशालरावले? शेजारच्याले? मोबाइलमंदी बी पाहाता आलं असतं, अंगणवाडीची मॅडम दाखवत होती. नाही पाह्यलं. तुले विचारायचा होता तो प्रश्न. म्या कशाले उष्टा करू?

माधवी: मले नाही येत, आई.

शालू: मंग पाह्य ना. पुस्तक तुयंच हाये.

माधवी: फाटतील पानं.

शालू: फाटू दे थोडे. नखानं उकल, हळूच. इकडून. हां. आलं का?

माधवी: आलं.

शालू: वाच.

माधवी: बारा जून. अहमदाबादहून लंडनला... उड्डाणानंतर लगेच... आई, मले नाही वाचवत.

शालू: मले दे. थांब, चष्मा पुसतो. तू बी पुस. कुठी हाये? हे. बचावलेला एकमेव प्रवासी. आसन क्रमांक अकरा ए.

माधवी: अकरा ए.

शालू: अकरा ए. बस, एवढंच होतं तं. म्या मनात काय काय नंबर लावून पाह्यले होते.

खुशालराव: मूर्तिजापूर, मूर्तिजापूर! उतरा लवकर! वयनी, पाणी-बिनी पायजे का? काय झालं पोरीले?

शालू: काही नाही, भाऊ. खिडकीतून धूळ आली.

खुशालराव: तं काच लावून घे ना, बेटा.

शालू: राहू द्या. येऊ द्या थोडी. तुमी जा, गाडी खोळंबली.

माधवी: बाकावर तू मला उठवलंस ना, तेव्हा मी पहिल्यांदा घड्याळ पाह्यलं. मले वाटलं, चहाचा टाइम झाला.

शालू: मले माहीत हाये, माय. पूस डोये. ओढणीनं नको, हा घे रुमाल. पुढं विचारू?

माधवी: विचार.

शालू: तेरा जून. इस्राएलनं कोनावर हल्ला केला?

माधवी: इराणवर. बारा दिवस चाललं ते.

शालू: पाहाटेच केला म्हणते पहिला.

माधवी: तेरालाच?

शालू: इथी तं तसंच लिवलं हाये.

माधवी: मले वाटे, त्या दिवशी जगात काहीच झालं नसन.

शालू: मले बी. इतकी मोठी लढाई लागली, अन आपल्याले आवाज नाही आला. तिथल्या बायायलेबी कुठी माहीत होतं आपलं. घे, आता मी पुस्तक मिटतो. सारा जून एकडाव सोतानं म्हण. न थांबता.

माधवी: बारा जून. अहमदाबाद. विमान पडलं. एक जण वाचला. अकरा ए.

शालू: हं.

माधवी: तेरा जून. इराणवर हल्ला.

शालू: हं.

माधवी: तेरा जून. बाबा गेले.

शालू: हं.

माधवी: वय नाही विचारलं तुनं.

शालू: ते मले पाठ हाये.