दोन जादा पंखे

सर्व्हरचं नाव काढू नका माझ्यासमोर! नव्व्याण्णव साली पेणच्या एका मूर्तिकार शेठना वेबसाइट हवी होती, दुबईच्या गिऱ्हाइकांना गणपती दाखवायला. सर्व्हर म्हणे कारखान्यातच पाहिजे. मी कॉम्प्युटरवाला, रोह्याहून शहरात चार खेपा घालून मशीन निवडलं. दिवसरात्र चालणार, तापणार, म्हणून मुद्दाम दोन जादा पंख्यांचं कॅबिनेट घेतलं.

आठवड्यात सर्व्हर बंद! जाऊन बघतो तर अख्खं कॅबिनेट प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलेलं, वरून सुतळी. आत बोर्ड भाजून निघालेला.

“शेठ, हे काय?”

“प्लास्टरची धूळ जात व्हती आत.”

“अहो, मशीनला हवा लागते!”

तर उलट मलाच झापलं, “माझे गणपती याच प्लास्टिकात दुबईला जातात. एकाला तडा नाय. तुमचं मशीनच नाजूक!”